निगा रिळाची, कदर माशाची

हातातल्या अवजाराची निगा राखण्याला आपल्याकडे पूजेइतकाच मान आहे. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, सुतार आपली पटाशी, लोहार आपला घण आणि शेतकरी आपली औते धुऊन-पुसून पूजेला मांडतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कोळीवाड्यांतून जाळी सांधली जातात, होड्यांना रंग चढतो, यंत्रे उघडून साफ केली जातात. परंपरेने नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून नवा हंगाम सुरू होतो, तेव्हा प्रत्येक अवजार तयार असते.

गळ आणि काठी घेऊन पाण्याकाठी तासन्‌तास बसणाऱ्या हौशी माणसाचेही एक अवजार असते. कोकणात या छंदाला 'गरवणे' असा नेटका शब्द आहे. गरवणाऱ्याच्या काठीवर मुठीजवळ बसवलेले छोटे यंत्र म्हणजे रीळ. पतंग उडवणाऱ्याच्या हातात जशी आसारी, तसे गरवणाऱ्याच्या काठीवर रीळ. मात्र आसारीत मांजा गुंडाळण्यापलीकडे फारसे काही नसते. रिळात दातेरी चक्रे, बेअरिंगे, स्प्रिंगा आणि घर्षणाच्या चकत्या अशी घड्याळाला शोभेल अशी रचना असते. हे यंत्र दुर्लक्षामुळे बिघडते आणि बहुधा नेमके तेव्हाच दगा देते, जेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत प्राणी असतो. म्हणूनच रिळाची निगा हा विषय वस्तूच्या टिकाऊपणापुरता मर्यादित राहत नाही. माशाला कमीत कमी इजा व्हावी, सोडून दिल्यावर तो जगावा, यासाठीही रीळ नीट असावे लागते.

चाकाची कुळकथा

गळाने मासे धरण्याचा छंद आपल्या देशाला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. प्राचीन मराठीतील पद्यपंक्ती त्यात आढळतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो चांगला परिचित आहे. राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना या ग्रंथात 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरणच आले आहे. माशांचे प्रकार, त्यांना आवडणारी आमिषे, काठी, दोर आणि गळ यांचा त्यात बारकाईने विचार केलेला दिसतो.

काठीवर चाक बसवण्याची कल्पना मात्र चीनमधील जुन्या चित्रांत प्रथम दिसते. सोंग राजवटीतील चित्रकार मा युआन याने सुमारे ११९५ साली रेखाटलेले, होडीत एकटाच बसलेल्या गळवाल्याचे चित्र प्रसिद्ध आहे. त्याच्या काठीवर चाक स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये १६५१ साली छापलेल्या टॉमस बार्कर यांच्या पुस्तकात अशा चाकाचा उल्लेख येतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे देणारे रीळ तयार केले. घड्याळाची दातेरी चक्रे गळाच्या काठीवर आली ती अशी.

आज सर्वाधिक वापरात असलेल्या रिळाचा जन्म कापडधंद्याच्या छायेत झाला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. तेथील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ साली स्थिर फिरकीच्या रिळाचे एकस्व घेतले. गिरणीतील स्थिर कांडीवरून सूत जसे टोकाकडून सरसर उलगडत जाते, तसाच दोर फिरकीवरून सुटावा, ही त्यामागची कल्पना. फिरकीला स्वतः गरगरावे लागत नसल्यामुळे हलके आमिषही दूरवर फेकता येऊ लागले आणि नवशिक्यांची दोर गुंतण्याची भीती पुष्कळशी ओसरली.

भारतात या यंत्राला आव्हान मिळाले ते महसीरचे. आपल्याकडच्या नद्यांमध्ये खडशी या नावानेही ओळखला जाणारा हा मासा ताकदीसाठी जगप्रसिद्ध आहे. दख्खनमधील महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील माशांवरून केले. हेन्री सलिव्हन टॉमस यांचे भारतातील गळ-मासेमारीवरचे पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाला नरभक्षक वाघांच्या कथांमुळे परिचित असलेले जिम कॉर्बेट यांनीही १९४४ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात एक प्रकरण महसीरला दिले आहे. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका शिकाऱ्याने १९४६ साली काबिनी नदीत धरलेला महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. एवढे वजन आणि वेग एका मुठीएवढ्या यंत्राने पेलायचा, तर ते यंत्र कोणत्या स्थितीत असले पाहिजे याची कल्पना करता येईल.

आवरणाखाली काय दडले आहे

निगा राखायची तर आतील रचना ठाऊक हवी. स्थिर फिरकीच्या रिळाची मूठ फिरवली की आतले मोठे दातेरी चक्र फिरते. ते एका लहान चक्राला गती देते आणि त्या लहान चक्राबरोबर रिळाचे बाहेरचे डोके फिरू लागते. रिळावर ५.२ : १ असे लिहिलेले असेल, तर मुठीच्या एका फेऱ्यात हे डोके पाचांहून थोडे अधिक फेरे घेते. डोक्यावर तारेची एक कमान असते. ती दोर पकडते आणि फिरकीवर गुंडाळते. त्याच वेळी फिरकी खाली-वर सरकत राहते, म्हणून दोराचे थर सारखे बसतात.

कमानीच्या टोकाला एक चिमुकली चाकी असते. दोर फिरकीकडे वळतो तो या चाकीवरून. सगळ्या रिळात सर्वांत अधिक पाणी आणि वाळू हिच्याच वाट्याला येते. म्हणून ती सर्वांत आधी जाम होते. चाकी फिरेनाशी झाली की दोर तिच्यावर घासला जातो, त्याला पीळ पडतो आणि जागोजागी तो कमकुवत होतो. दोर तुटला की दोष बहुधा दोरालाच दिला जातो. कारण मात्र पुष्कळदा वाटाण्याएवढ्या या भागात असते.

मूठ उलटी फिरू नये यासाठी आत एकेरी गतीचे बेअरिंग असते. त्यातील बारीक लाटण्या एका दिशेने मोकळ्या फिरतात, तर उलट दिशेने घट्ट अडकतात. शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे घर्षणाच्या चकत्यांची चळत. तिला गरवणारे 'ड्रॅग' म्हणतात. धातूच्या आणि नमदा किंवा कार्बन धाग्याच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. पुढची कळ आवळली की त्या एकमेकींवर दाबल्या जातात. माशाने ठरावीक जोरापेक्षा अधिक ओढ घेतली की चकत्या घसरतात आणि फिरकी दोर सोडू लागते. सायकलच्या ब्रेकचे आणि हिचे काम एकाच जातीचे. फरक इतकाच की येथे ब्रेकने चाक थांबवायचे नसते, ते एकसारख्या जोराने रोखून धरायचे असते.

गळाला मोठा मासा लागतो तेव्हा

समजा, दोर १० किलोचा ताण सोसणारा आहे. जाणकार ड्रॅगची कळ साधारण त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे ३ किलोच्या आसपास लावतात. दोराच्या टोकाला साधा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढले की हा आकडा घरच्या घरीही तपासता येतो. दोर १० किलोचा असताना कळ इतकी सैल का, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर फिरकीच्या आकारात आहे. मासा दोर घेऊन पळू लागला की फिरकीवरचे थर कमी होत जातात आणि दोर सुटण्याची त्रिज्या लहान होते. कळ तशीच ठेवली तरी त्रिज्या निम्मी झाल्यावर फिरकी फिरवायला दुप्पट जोर लागतो. म्हणजे ३ किलोचे ६ किलो होतात. त्यात काठीच्या कड्यांवरचे घर्षण, पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या दोराचा विरोध आणि गाठीमुळे कमी झालेली दोराची ताकद धरली, की १० किलोची मर्यादा फार दूर राहत नाही.

आता याच चकत्यांवर मागच्या सहलीचे मीठ सुकलेले आहे, किंवा वर्षभर आवळून ठेवल्यामुळे नमदा दबून एकमेकींना चिकटला आहे, असे समजा. थांबलेली वस्तू हलवायला ती चालू ठेवण्यापेक्षा अधिक जोर लागतो. चिकटलेल्या चकत्यांच्या बाबतीत हा फरक फारच वाढतो. मासा पहिली झेप घेतो, फिरकी क्षणभर अडते, मग धक्क्याने सुटते, पुन्हा अडते. अशा हिसक्यांपैकी एखाद्यात दोर तुटतो.

माणसाच्या दृष्टीने येथे गोष्ट संपते. हळहळ तेवढी उरते. माशाच्या दृष्टीने ती येथे सुरू होते. तोंडात गळ आणि मागे कित्येक मीटर नायलॉनचा तंगूस घेऊन तो पळालेला असतो. हा तंगूस खडकात, बुडालेल्या फांद्यांत गुंतू शकतो आणि मासा तेथेच अडकून पडतो. उलट ड्रॅग निकामी होऊन सतत घसरत राहिली, तर झुंज नको तेवढी लांबते. उन्हाळ्यात पाणी तापलेले असते आणि त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. दमलेला मासा अशा पाण्यात परत सोडला, तरी तो सावरेलच याची खात्री नसते.

आज ही बाब पूर्वीपेक्षा गंभीर झाली आहे. कावेरी खोऱ्यातील पाठीवर उंचवटा असलेल्या महसीरची नोंद २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवर कंपनी गेली अनेक दशके महसीरची पैदास करून बीज नद्या-जलाशयांना पुरवीत आली आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून महसीरला अभय आहे. जेथे परवाना घेऊन गळ टाकता येतो, तेथेही मासा धरून, पाहून, पुन्हा पाण्यात सोडण्याची पद्धत जाणत्या गरवणाऱ्यांनी अंगीकारली आहे. 'धरा आणि सोडा' या पद्धतीचा अर्थ मात्र सोडलेला मासा जगला तरच राहतो. ड्रॅग गुळगुळीत चालत असेल, तर झुंज लवकर आटोपते आणि दोर शाबूत राहतो. माशावर दया दाखवण्याची ही तयारी घरी टेबलावर, मासा भेटण्याच्या कितीतरी आधी करावी लागते.

मिठाची करामत

नदी-तलावात वापरलेल्या रिळाचे शत्रू म्हणजे वाळू आणि गाळ. समुद्रावर वापरलेल्या रिळाला त्याहून चिवट शत्रू भेटतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. हे मीठ हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे वरवर सुकलेले रीळ आतून दमटच राहते. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत तर हा ओलावा महिनोन्‌महिने हटत नाही. ॲल्युमिनियमवर स्वाभाविकपणे जो संरक्षक थर असतो, त्याला मिठातील क्लोराइड भेदते आणि पांढरी भुकटी धरू लागते. ॲल्युमिनियमच्या आवरणात पोलादी स्क्रू बसवलेला असेल, तर दोन भिन्न धातू आणि त्यांमधले खारे पाणी यांची जणू छोटी बॅटरीच तयार होते. तीत आवरण झिजते आणि स्क्रू असा रुतून बसतो, की पुढे तो निघता निघत नाही. पितळी भागांवर हिरवा थर दिसू लागला, की दुर्लक्षाचा काळ बराच लोटला असे समजावे.

म्हणून जिताडा, तांबोशी किंवा सुरमईच्या मागे खडकांवर अथवा होडीवर गेलेल्या माणसाने घरी परतल्यावर आधी रिळाकडे पाहावे. काम दहा मिनिटांचे असते.

प्रथम ड्रॅगची कळ हलकी आवळून घ्यावी, म्हणजे चकत्यांमध्ये पाणी शिरत नाही. नंतर गोड्या पाण्याची बारीक, मंद धार रिळावर सोडावी. नळीला बोट लावून जोराचा फवारा मारणे हा सर्वांत सार्वत्रिक प्रमाद आहे. अशा फवाऱ्याने मीठ निघण्याऐवजी फटींतून आत लोटले जाते. रीळ बादलीत बुडवून ठेवणेही तितकेच घातक, कारण पाणी आत शिरते आणि तेथेच राहते. वेणीदार दोर खारे पाणी धरून ठेवतो, म्हणून फिरकी काढून तिच्यावरून थोडे अधिक पाणी जाऊ द्यावे.

पाणी झटकून मऊ सुती कापडाने रीळ पुसावे. जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा यासाठी उत्तम. नंतर वाऱ्याला, पण सावलीत वाळू द्यावे. पूर्ण सुकल्यावर कमानीचे सांधे, कमानीची चाकी आणि मुठीचा खुंट यांवर तेलाचा एकेक थेंब द्यावा. सर्वांत शेवटी ड्रॅगची कळ अगदी सैल करून ठेवावी. ही शेवटची गोष्ट विसरली, तर आधीचे सारे करूनही चकत्या दबून राहतात.

हंगामाअखेरची सफाई

नियमित वापर असेल तर वर्षातून एकदा रीळ उघडावे. समुद्रावर वारंवार जाणाऱ्यांनी दोनदा. पावसाळ्यात नद्या फुगलेल्या आणि दर्या खवळलेला असतो. गरवणाऱ्याला घरी बसावेच लागते. हाच काळ या कामाला सोयीचा. मात्र उघडण्यापूर्वी रिळाबरोबर आलेली पुस्तिका वाचावी. अलीकडच्या काही रिळांचे जलरोधक भाग उत्पादकाने बंद केलेले असतात. ते घरी उघडू नयेत. ते काम अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे सोपवावे.

टेबलावर फिक्या रंगाचे कापड पसरावे. त्यावर पडलेली बारीक चकती नजरेस पडते आणि घरंगळतही नाही. फ्रिजमधील बर्फाचा रिकामा साचा भाग ठेवायला उत्तम. काढलेला पहिला भाग पहिल्या घरात, दुसरा दुसऱ्यात, असे ठेवत गेले की जोडताना उलट क्रमाने यायचे. प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घेतले, तर चकती कोणत्या बाजूने होती हा वाद उरत नाही. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस वापरावा. सैल पेचकसाने खाच झिजते आणि मग साधे काम अवघड होते. स्प्रिंग असलेला भाग उघडताना तो पारदर्शक पिशवीत धरून उघडावा, म्हणजे उडालेली स्प्रिंग कपाटाखाली शोधावी लागत नाही.

जुने काळे ग्रीस कापसाच्या काड्यांनी आणि जुन्या टूथब्रशने काढावे. दातेरी चक्रांच्या दातांमधली मळी नीट निघाली पाहिजे, कारण तिच्यातील वाळूचे कण पॉलिश कागदासारखे काम करतात. धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतात. ते ज्वालाग्राही असल्यामुळे खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास शेगडी पेटलेली नसावी. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. प्लास्टिकचे भाग आणि रंग त्याने खराब होतात.

दात तुटले आहेत का, एका बाजूने अधिक झिजले आहेत का, हे उजेडात पाहावे. बेअरिंग बोटावर सावकाश फिरवावे. खरखर लागली तर अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा थेंब देऊन पुन्हा पाहावे. तरीही खरखर राहिली तर बेअरिंग बदलणे श्रेयस्कर. कोरडे बेअरिंग फुंकर मारून वेगाने फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. वंगणाशिवाय फिरल्याने छऱ्यांची झीज होते. ड्रॅगच्या चकत्या काढताना त्यांचा क्रम विशेष काळजीने नोंदवावा. नमद्याच्या चकत्या पातळ, कडक किंवा चकचकीत झाल्या असतील, तर नव्या आणाव्यात. त्यांची किंमत रिळाच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ असते.

ज्या रिळात फिरकी स्वतः फिरते, त्यात दोर डावी-उजवीकडे सारखा बसवणारा एक आटेदार दांडा असतो. त्याच्या आट्यांत धूळ आणि दोराचे तंतू साठतात. ब्रशने ते काढून हलके तेल द्यावे. फिरकीचा वेग आवरणाऱ्या भागांवर मात्र तेलाचा अंशही जाऊ देऊ नये.

तेल कोठे, ग्रीस कोठे

वंगणाच्या बाबतीत एक साधे सूत्र आहे. जेथे वेग अधिक आणि भार कमी, तेथे तेल. जेथे दातावर दात घासतो आणि भार अधिक, तेथे ग्रीस. त्यामुळे बेअरिंग, कमानीची चाकी आणि मुठीचा खुंट यांना तेल, तर दातेरी चक्रांना ग्रीसचा पातळ थर. ग्रीस कोंबून भरले तर मूठ जड फिरते. काश्मीर-हिमाचलमधील थंड ओढ्यांवर ट्राउटच्या मागे जाणाऱ्यांना हा जडपणा विशेष जाणवतो, कारण थंडीत ग्रीस आणखी घट्ट होते.

एकेरी गतीच्या बेअरिंगला ग्रीस कधीही लावू नये. लाटण्या ग्रीसमध्ये घसरतात आणि मोठा मासा ओढ घेत असतानाच मूठ उलटी गरगरून बोटांवर आदळते. ड्रॅगच्या चकत्यांना त्यांच्यासाठीच बनवलेले ग्रीस असते. ते नसल्यास दुसरे काही लावण्यापेक्षा पुस्तिकेचा सल्ला घ्यावा, कारण काही चकत्या कोरड्याच चालाव्यात अशी योजना असते.

घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल वापरण्याचा प्रघात आहे. तो सोडावा. खोबरेल थंडीत गोठते आणि काही काळाने चिकट होते. शिवणयंत्राचे पातळ तेल त्यापेक्षा पुष्कळ बरे. गंजलेले बिजागर सोडवणारे फवारे बाहेरचा रुतलेला स्क्रू सैल करायला उपयोगी पडतात. आत मारले तर मात्र चक्रांवरचे ग्रीस धुऊन टाकतात.

जोडणी झाल्यावर मूठ सावकाश फिरवून कान द्यावा. टिकटिक, खरखर किंवा एखाद्या ठिकाणी अडखळणे जाणवले, तर जोर न लावता पुन्हा उघडून पाहावे.

तंगूस आणि साठवण

दोर हाही रिळाचाच भाग समजावा. नायलॉनचा तंगूस उन्हातील अतिनील किरणांनी कमकुवत होतो. दोन बोटांत धरून ओढल्यावर खडबडीत लागणारा किंवा वेटोळी सोडत नसलेला तंगूस बदलावा. नवा तंगूस फिरकीच्या कडेपासून साधारण दोन मिलिमीटर खाली राहील इतकाच भरावा. अधिक भरला तर वेढे एकदम सुटून गुंता होतो. कमी भरला तर फेक तोकडी पडते आणि वर सांगितल्याप्रमाणे त्रिज्येचे गणितही बिघडते. काढलेला तंगूस पाण्याकाठी टाकू नये. बगळे, कासवे यांच्या पायांना त्याचा फास बसतो. बारीक तुकडे करून तो घरच्या सुक्या कचऱ्यात टाकावा.

रीळ ठेवायला सुती पिशवी चांगली. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. कपाटात ठेवताना शेजारी ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकावी आणि महिन्यातून एकदा मूठ दहा-पंधरा वेळा फिरवावी, म्हणजे वंगण एका जागी बसत नाही.

स्वच्छतेला आणखी एक पदर आहे. एका तलावातील वनस्पतींचे तुकडे, शैवाल आणि सूक्ष्मजीव ओल्या साहित्याबरोबर दुसऱ्या तलावात जातात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली 'डिडिमो' हे नद्यांचा तळ झाकून टाकणारे शैवाल आढळले. ओल धरून ठेवणाऱ्या नमद्याच्या तळव्यांच्या बुटांवर तेथे २००८ साली बंदी आली. 'तपासा, स्वच्छ करा, वाळवा' ही त्रिसूत्री त्यानंतर गरवणाऱ्यांमध्ये रुजत गेली. आपल्याकडे जलपर्णीने वेढलेले तलाव पाहिले, की तिचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

नोंदवहीची एक ओळ

मुंबईत पवई तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गरवणाऱ्यांची जुनी संस्था आहे. देशात ठिकठिकाणी अशी हौशी मंडळी आहेत. त्यांच्यापैकी अनेकांकडे वडिलांच्या, आजोबांच्या काळातील रिळे आजही चालू स्थितीत असतात. त्यामागे कोणतेही रहस्य नसते. प्रत्येक सहलीनंतरची दहा मिनिटे आणि वर्षातली एक दुपार, एवढीच ती गुंतवणूक असते. थोडी थोडी पण न चुकता भरलेली रक्कम वर्षांनंतर केवढी होते, हे आवर्ती ठेवीच्या खातेदाराला सांगायला नको.

एक छोटी वही करावी. रीळ कधी उघडले, कोणता भाग बदलला, कोणते वंगण घातले, दोर कोणत्या तारखेला चढवला, याची एकेक ओळ तिच्यात लिहावी. पासबुकाप्रमाणे ही वही खरी परिस्थिती सांगते. स्मरणावर विसंबावे लागत नाही. पुढच्या हंगामात एखाद्या पहाटे दोर ताणला जाईल, ड्रॅग एकसुरात बोलू लागेल, मासा आपली ताकद दाखवून काठाशी येईल. ओल्या हातांनी गळ सोडवून त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरले, की काही क्षणांत तो शेपटी हलवून खोल पाण्यात निघून जाईल.